हॅनिबलचा वारसा: कॅनीची लढाई नक्की कोणी कोणी वाचली?

जुनापुराणा (धागाकर्ता)

आमच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर परवा एक ढकलपत्र आलं. "जगातला प्रत्येक सेनापती हॅनिबलचा शिष्य आहे." (हॅनिबल म्हणजे रोमशी लढलेला, उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा सेनापती.) सोबत बर्फ, हत्ती आणि एक दाढीवाला माणूस. पटापट अंगठे पडले. मी नेहमीच्या खोडीने विचारलं, "प्रत्येक म्हणजे कोण कोण?" त्यावर एकजण 'सुप्रभात' म्हणाला. म्हणून इथे आलोय.

माझं म्हणणं आधीच सांगतो, म्हणजे तुम्हाला भांडायला सोपं. दोन लढाया सारख्या दिसल्या की लगेच वारसा होत नाही. शत्रूला दोन्हीकडून घेरावं हे कळायला कार्थेजला जावं लागत नाही, लांडग्यांच्या टोळीलाही ते कळतं. वारसा म्हणायचा तर अमक्याने वाचलं आणि म्हणून तमकं केलं, एवढं तरी दाखवता आलं पाहिजे. हॅनिबलच्या बाबतीत ते दाखवता येतं.

आधी कॅनीची लढाई. इ.स.पू. २१६, २ ऑगस्ट, इटलीच्या टाचेच्या वर अपुलियात, ऑफिडस नदीकाठी. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसच्या हिशोबाने रोमचं पायदळ ८०,००० आणि घोडदळ ६,००० च्या वर. हॅनिबलकडे पायदळ ४०,००० आणि घोडदळ १०,०००. म्हणजे पायदळ निम्मं, पण घोडी जास्त. हा घोड्यांचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लोक नेमका तोच विसरले.

रोमनांनी आपल्या तुकड्या एरवीपेक्षा दाट आणि खोल उभ्या केल्या. डोकं सरळ होतं: मधून घुसायचं आणि फोडायचं. हॅनिबलने मध्ये उत्तर इटलीतले गॉल आणि स्पॅनिश सैनिक ठेवले, तेही सरळ रेषेत नाही, तर रोमनांकडे फुगवटा आलेल्या कमानीसारखे. रोमन इतिहासकार लिव्ही त्यांचे कपडेसुद्धा सांगतो. गॉल कमरेपर्यंत उघडे, स्पॅनिश लोकांच्या अंगात जांभळ्या काठाचे तागाचे आखूड अंगरखे. कमानीच्या दोन टोकांना मागे लिबियन पायदळ, आणि त्यांच्या अंगावर आधीच्या लढायांत लुटलेली रोमन शस्त्रं.

रोमनांनी कमान दाबली. ती सपाट झाली, मग आत वळली, पण तुटली नाही. रोमन आनंदाने आत आत शिरत गेले आणि लिबियन आपोआप त्यांच्या दोन्ही कुशींवर आले. ते फक्त आत वळले. तोपर्यंत डावीकडे हॅनिबलचा सरदार हस्द्रुबल याच्या घोडदळाने रोमन स्वार उधळले होते, मग सगळ्या रणाला मागून वळसा घालून उजवीकडचे दोस्तांचे स्वार पळवले, आणि शेवटी पायदळाच्या पाठीवर आला. झालं दार बंद. मधल्यांना हात हलवायलाही जागा उरली नाही. लिव्ही लिहितो की दुसऱ्या दिवशी काही रोमन असे सापडले, ज्यांनी मातीत खड्डा उकरून स्वतःचं डोकं त्यात घातलं होतं.

मेलेल्यांचा आकडा लिव्ही ४८,२०० देतो, पॉलिबियस ७०,००० म्हणतो. हॅनिबलची माणसं गेली साधारण ६ ते ८ हजार, आणि त्यांत बहुतेक मधले गॉल.

आता वाचक. जर्मन इतिहासकार हान्स डेलब्रूकने १९०० साली युद्धकलेच्या इतिहासाच्या पहिल्या खंडात ही लढाई उलगडून दाखवली. ती वाचून आल्फ्रेड फॉन श्लीफेन पेटला. हा १८९१ ते १९०६ जर्मन जनरल स्टाफचा प्रमुख. निवृत्तीनंतर १९०९ ते १९१३ त्याने लेखमाला लिहिली, आणि तिचं नावच 'कॅनी'. प्रशियाच्या फ्रेडरिकपासून थोरल्या मोल्टकेपर्यंत सगळ्यांना त्याने एकाच फूटपट्टीने मोजलं: कॅनी झाली की नाही? १९३१ मध्ये अमेरिकेच्या फोर्ट लेव्हनवर्थच्या लष्करी विद्यालयाने त्याचं इंग्रजी भाषांतर छापलं. म्हणजे बऱ्याच अमेरिकन अधिकाऱ्यांना कार्थेजचा माणूस भेटला तो बर्लिनमार्गे. ही साखळी मला हत्तींपेक्षा जास्त आवडते.

---

आळशी_वाचक

जागा पकडून ठेवतो. हत्ती कधी येणार?

---

जुनापुराणा

येणार नाहीत. ऱ्होन नदी उतरताना ३७ होते, पण आल्प्स आणि पुढचा पहिला हिवाळा बहुतेकांना सोसला नाही. कॅनीत एकही नव्हता. ढकलपत्रवाल्यांना कोणीतरी कळवा.

---

कात्रजकर

छान लिहिलंय, पण आपल्याकडच्यांची नावं का नाहीत? याच हॅनिबलने बैलांच्या शिंगांना मशाली बांधून रोमनांना चकवलं असं वाचलंय. हे तर सरळ सरळ आपलं कात्रजच्या घाटाचं! शाहिस्तेखानावर छापा टाकल्यावर महाराजांच्या माणसांनी बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मोगलांना भलतीकडे पळवलं. 'कात्रजचा घाट दाखवणे' त्यावरूनच आलं. वारसा म्हणतात तो हाच की!

---

जुनापुराणा

वाट बघत होतो कोणीतरी घाट चढून येईल म्हणून. :)

कात्रजकर, नेमकं इथेच माझं म्हणणं उपयोगी पडतं. इ.स.पू. २१७ मध्ये रोमन सेनापती फेबियसने हॅनिबलला डोंगरांनी वेढलेल्या मैदानात कोंडलं, तेव्हा त्याने सुमारे २,००० बैलांच्या शिंगांना काटक्यांच्या मोळ्या बांधून रात्री पेटवल्या आणि डोंगरावर हाकलले. खिंडीवरचे पहारेकरी उजेडाच्या मागे धावले, हॅनिबल मोकळ्या खिंडीतून निघून गेला. लाल महालाचा छापा १६६३ च्या एप्रिलचा. मध्ये अठराशे ऐंशी वर्षं. राजगडावर लिव्ही वाचला जात होता असं कोणी म्हणणार नाही. त्यातून चीनमध्ये त्याआधीच, इ.स.पू. २७९ मध्ये, टियान डान नावाच्या सेनापतीने शेपट्या पेटवलेले बैल शत्रूच्या छावणीवर सोडले होते. बैल, आग, रात्र आणि डोंगर या चार गोष्टी जिथे असतील तिथे कोणालाही हे सुचेल. घाट आपलाच, युक्ती आपलीच. वारसा मात्र नाही.

---

कात्रजकर

बरं, युक्ती आपली म्हणालात तेवढ्यावर भांडण मिटवतो.

---

कोपरारक्षक

इतिहास माझा विषय नाही. मी तालुक्याच्या ठिकाणी संध्याकाळी पोरांना कबड्डी शिकवतो. पण मूळ धागा वाचताना उठून बसलो, कारण हे आम्ही रोज करतो.

चढाईपटू आत आला की मधल्यांनी मागे सरायचं. घाबरल्यासारखं दिसलं तरी चालेल. त्याला वाटलं पाहिजे की बोनस रेषा मिळतेय, अजून एक पाऊल, अजून एक. दोन्ही कोपरे जागचे हलत नाहीत. तो पुरेसा आत आला की कोपरे पुढे येतात आणि त्याची मागची वाट बंद. पकड घोट्याची असो की मांडीची, खरं काम आधीच्या तीन सेकंदांत मधल्यांनी केलेलं असतं. बक्षीस मात्र कोपऱ्याला मिळतं.

आता माझी शंका. मधल्यांना मागे सरायला शिकवणं हे सगळ्यात कठीण काम आहे. मागे सरताना पोरं वळतात, नाहीतर रेषेबाहेर पाय टाकून स्वतःच बाद होतात. हॅनिबलच्या मधल्यांची पळापळ का झाली नाही? कमरेपर्यंत उघडी माणसं, समोर दुप्पट रोमन!

---

जुनापुराणा

काय प्रश्न विचारलात! हे उदाहरण मला सुचायला हवं होतं.

उत्तर पॉलिबियसमध्ये आहे. मध्ये हॅनिबल स्वतः उभा होता, सोबत धाकटा भाऊ मॅगो. सेनापतीने घोडदळाबरोबर झळकावं अशी तेव्हाची रीत, अलेक्झांडर तेच करायचा. हा माणूस सर्वांत कच्च्या, सर्वांत जास्त मरणाऱ्या जागी उभा राहिला. गॉल लोकांना त्याच्याबरोबर येऊन दोनच वर्षं झाली होती आणि तो आपल्याला पुढे करून स्वतः निसटेल असा त्यांना संशय असणं साहजिक होतं. तो नजरेसमोर आहे म्हटल्यावर ते पावलापावलाने सरले, पळाले नाहीत.

ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने एक प्रसंग दिलाय. लढाईच्या आधी टेकडीवरून रोमन सैन्य बघून गिस्गो नावाचा सरदार म्हणाला, केवढे आहेत हे! हॅनिबल गंभीर चेहऱ्याने म्हणाला, त्याहून नवलाची गोष्ट तुझ्या लक्षात आली नाही. एवढ्या गर्दीत गिस्गो नावाचा एकही नाही. सगळे हसले, आणि खाली उभ्या सैनिकांनी त्यांना हसताना पाहिलं. तुमच्या पोरांना काय लागतं ते तुम्हीच जाणता.

---

फौजीकाका

निवृत्त आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

आमच्याकडे बढतीच्या परीक्षेला मिलिटरी हिस्टरीचा पेपर असतो. मोहिमा ठरवून दिलेल्या असतात, रात्री जागून नकाशे पाठ करायचे. कॅनी त्यात असो नसो, सँड मॉडेलवर चर्चा सुरू झाली की कोणीतरी ज्ञानी कॅप्टन 'सर, लाइक कॅनी' म्हणतोच. वाळूवर दोन लाल बाण वाकवले की झाली कॅनी! आमचे एक सीनियर त्यावर शांतपणे विचारायचे, "तुझे बाण कोणत्या गाडीतून जाणार? पेट्रोल कुठे मिळणार?" कॅप्टन गप्प.

बेल्जियमवरून वळसा घालून फ्रेंचांना घेरायच्या श्लीफेनच्या योजनेचं तेच झालं. १९१४ मध्ये बेल्जियमच्या हद्दीपर्यंत रेल्वे, पुढे पाय. जर्मन सेनापती फॉन क्लुकच्या सैन्याचा उजवा पंख ऑगस्टभर ऊन्हातून रोज वीस-पंचवीस किलोमीटर चालतोय, आणि ज्यांना घेरायचं ते फ्रेंच स्वतःच्या रेल्वेने आरामात पॅरिसकडे सरकताहेत. कॅनीत फिरणारा पंख घोड्यावर होता आणि अडकणारा पायी. मार्न नदीवर, जिथे जर्मनांना थांबवलं गेलं, तिथे उलटं झालं. धागाकर्त्याने घोड्यांचा आकडा लक्षात ठेवा म्हटलं ते शंभर टक्के बरोबर.

दुसरं उदाहरण १९९१ च्या आखाती युद्धाचं. अमेरिकन जनरल श्वार्झकोफने कॅनीतून शिकल्याचं स्वतः सांगितलंय, म्हणजे तुमची पुराव्याची अट पूर्ण. समोर कुवेतच्या हद्दीवर मरीन, समुद्रात उतरण्याचं नाटक करणारी जहाजं, आणि त्यामागून दोन अख्ख्या कोअर गुपचूप शेकडो किलोमीटर पश्चिमेला वाळवंटात नेलेल्या. २४ फेब्रुवारीला जमिनीवरची लढाई सुरू, १०० तासांत बंद. पण एक गोष्ट बघा. कॅनीत मधला भाग मागे आला, म्हणून शत्रू पिशवीत शिरला. कुवेतमध्ये मधले मरीन अपेक्षेपेक्षा इतक्या जोरात पुढे गेले की त्यांनी इराक्यांना पिशवीतून बाहेरच ढकललं. डावीकडून येणारा पंख पोचेपर्यंत रिपब्लिकन गार्डचा बराच भाग उत्तरेला निसटला. कबड्डीवाले सर, तुमच्या मधल्यांनी चढाईपटूवर उडी मारून त्याला मध्यरेषेपलीकडे परत पाठवलं तर कोपरे काय करणार? तसं.

---

कोपरारक्षक

बोंबलणार, दुसरं काय करणार!

---

शंकासूर

दोन आक्षेप.

१. श्लीफेनची योजना एका पंखाची, कॅनी दोन पंखांची. मग तो कसला हॅनिबलचा शिष्य? शिवाय 'श्लीफेन योजना' अशी काही पक्की युद्धयोजना होती का, यावरच १९९९ पासून टेरेन्स झुबरने वाद उकरून काढलाय.

२. घेरणं हे शेवटी स्टॅलिनग्राडला जमलं, तेही रशियनांना. १९ आणि २० नोव्हेंबर १९४२ ला दोन्ही बाजूंच्या, जर्मनांच्या साथीला असलेल्या कच्च्या रुमानियन फळ्या फोडल्या, चार दिवसांत कलाचजवळ दोन टोकं भेटली. आणि मधला भाग? व्होल्गाकाठी चुइकोव्हचं ६२ वं सैन्य, मागे मागे दाबलं गेलेलं पण न तुटलेलं. ही श्लीफेनपेक्षा जास्त खरी कॅनी आहे. पण 'वाचल्याचा पुरावा' मागितलात तर माझ्याकडे नाही. म्हणजे तुमच्या व्याख्येत सर्वोत्तम उदाहरण बसत नाही आणि फसलेलं बसतं. व्याख्या बदला.

---

जुनापुराणा

शंकासूर, व्याख्या बदलत नाही, पण थोडी सैल करतो. सोव्हिएत लष्करी लिखाणात पूर्ण वेढ्याला 'कॅनी' म्हणायची पद्धत होती, म्हणजे लढाई त्यांच्या बोलण्यातली तरी होती. अमुक मार्शलने ती वाचून ही आखणी केली, असं मात्र मी म्हणणार नाही.

पहिला मुद्दा मान्य. योजना खरी होती की निवृत्त माणसाचं टिपण, यात मी पडत नाही. पण लेखमाला खरी आहे आणि ती वाचून वाढलेले अधिकारी खरे आहेत. ऑगस्ट १९१४ मध्ये पूर्वेला टॅननबर्गला त्यांनी सॅमसोनोव्हचं सैन्य दोन्ही बाजूंनी घेरलं, ९२,००० कैदी धरले. तिथे मात्र फिरणाऱ्या पंखाला स्वतःच्या मुलखातली रेल्वे होती, आणि रशियनांचे बिनतारी संदेश उघड्या भाषेत कानावर पडत होते. फौजीकाकांच्या सीनियरनी विचारलेल्या प्रश्नाला तिथे उत्तर होतं.

श्लीफेनला स्वतःलाही हे कळत होतं. त्याने लिहून ठेवलंय की पुरी कॅनी क्वचितच घडते, कारण तिला एका बाजूला हॅनिबल लागतो आणि दुसऱ्या बाजूला व्हॅरो, म्हणजे कॅनीत हरलेला रोमन सेनापती. हे वाक्य शिष्यांनी बहुधा पान उलटताना गाळलं.

---

मृण्मयी_बारी

मी नोकरीनिमित्त इटलीत बारीला असते, तिथून बार्लेत्ता जवळच. त्या बाजूच्या छोट्या रेल्वेमार्गावर 'कान्ने देल्ला बात्ताल्या', म्हणजे 'लढाईचं कॅनी', नावाचं इवलंसं स्टेशन आहे. आम्ही दोघं एका रविवारी गेलो होतो. टेकडीवर जुन्या वस्तीचे अवशेष, एक दगडी खांब, खाली ऑलिव्ह आणि द्राक्षांचे मळे. नदी, आता तिला ओफान्तो म्हणतात, ऑगस्टमध्ये आपल्या उन्हाळ्यातल्या ओढ्यासारखी.

एक गोष्ट पुस्तकात वाचून कळली नव्हती ती तिथे कळली. दुपारी वारा सुटला. गरम, कोरडा, आणि इतकी धूळ की नवऱ्याने ओढणी मागितली. लिव्ही म्हणतो की त्या दिवशी व्होल्टर्नस वारा धूळ उडवत रोमनांच्या तोंडावर येत होता. धूळ, पुढच्याची पाठ आणि आरडाओरडा, एवढंच मधल्या सैनिकाला कळत असणार. लिबियन लोकांच्या अंगावर रोमन शस्त्रं होती, ती त्या धुरळ्यात आपल्याच माणसांची वाटली असतील का, असा विचार येऊन गेला.

---

आळशी_वाचक

वा! ताई, फोटो टाका.

माझा बाळबोध प्रश्न: एवढं सगळं करून युद्ध कोण जिंकलं?

---

जुनापुराणा

रोम. त्यामुळेच मला श्लीफेनचं नवल वाटतं. त्याने हरलेल्या युद्धातली जिंकलेली लढाई निवडली.

लढाईनंतर रोमने काय केलं बघा. एक कॉन्सल (रोमचा वर्षभराचा सर्वोच्च अधिकारी), पॉलस, आणि सुमारे ८० सिनेटर मेलेले. शोक ३० दिवसांत संपवा असा हुकूम. ८,००० गुलाम विकत घेऊन त्यांच्या हाती शस्त्रं. हॅनिबलने कैद्यांसाठी खंडणी मागितली तर साफ नकार. आणि हरून परत आलेल्या व्हॅरोला शिक्षा नाही, उलट 'तू प्रजासत्ताकाबद्दल निराश झाला नाहीस' म्हणून आभार! कापुआसारखी शहरं हॅनिबलला मिळाली, पण लॅटिन वसाहती हलल्या नाहीत. पॉलिबियसने युद्धाआधीची एक गणती दिलीय: रोम आणि दोस्त मिळून शस्त्र धरू शकणारे पायदळाचे ७ लाख, स्वार ७०,०००. त्यातून पन्नास-साठ हजार गेले.

---

कोपरारक्षक

हे तर लोन झालं की! सगळी टीम बाद केली, लोन चढवला, दोन जास्तीचे गुण मिळाले, पब्लिक नाचतंय, आणि पुढच्या मिनिटाला समोर तेच सातच्या सात परत उभे. ज्यांनी पकडी करून दम घालवला तेच दमलेले. नवीन पोरांना मी हे सांगतो, लोन चढवल्यावर लगेचची चढाई सगळ्यात सांभाळून करा.

---

फौजीकाका

सर, तुम्हाला डिफेन्स अकादमीत बोलवायला हवं.

आता कोणीतरी १९७१ काढेलच म्हणून आधीच सांगतो. ९३,००० युद्धकैदी बघून लोक त्याला कॅनी म्हणतात. ती नव्हती. शत्रूने ठिकठिकाणची गावं किल्ल्यासारखी धरली होती, आपण ती बाजूला टाकून ढाक्याकडे गेलो. मेघनेचा पूल तोडला तर सगत सिंगांनी हेलिकॉप्टरने माणसं पलीकडे उतरवली. बंगालचा उपसागर नौदलाने बंद केलेला. म्हणजे दार लढाईच्या आधीच बंद होतं, आणि आत लोन घेऊन परत उभी राहणारी टीम नव्हती.

---

शंकासूर

मग खरा वारसा फेबियसचा नाही का? लढाई टाळा, रसद तोडा, दमवा. वॉशिंग्टनला 'अमेरिकन फेबियस' म्हणत. लंडनच्या समाजवाद्यांनी १८८४ मध्ये संस्थेचं नावच फेबियन ठेवलं. आणि आता कात्रजकर झोपले असतील म्हणून मीच म्हणतो, पालखेड. १७२८ मध्ये थोरल्या बाजीरावांनी निजामाला तोफखान्यापासून तोडलं, पाणी तोडलं, आणि मोठी लढाई न करता मुंगी-शेवगावच्या तहावर सही घेतली.

---

कात्रजकर

जागा आहे. +१००!

---

जुनापुराणा

पालखेड फेबियसच्या जवळ जातं हे खरं, फक्त फेबियस डोंगरांवरून मागे मागे राहून दमवायचा आणि बाजीराव पळवून. त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

पण हॅनिबलचा सगळ्यात पहिला आणि सगळ्यात चांगला वाचक राहिलाच. पुब्लियस स्किपिओ. हा कॅनीत रोमचा कोवळा लष्करी ट्रिब्यून, म्हणजे अधिकारी, होता, जिवंत सुटला. त्याला पॉलिबियस वाचायची गरज नव्हती. इ.स.पू. २०२ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या झामाला हॅनिबलच्या ८० हत्तींसाठी त्याने पायदळाच्या रांगांमध्ये गल्ल्या सोडल्या, आणि आपलं घोडदळ शत्रूच्या पाठीवर आणून घातलं. त्या घोडदळात मॅसिनिसा राजाचे उत्तर आफ्रिकेतले नुमिडियन स्वार होते. कॅनीत नुमिडियन हॅनिबलकडून लढले होते. स्किपिओने डावपेच उचलला तो असा, घोड्यांसकट.

आणि त्याच्या पायदळात कोण होतं? कॅनीतून जगलेले लोक. रोमने त्यांना नामुष्की म्हणून सिसिलीत वर्षानुवर्षं डांबून ठेवलं होतं, घरी परतायची बंदी. स्किपिओने त्यांना आफ्रिकेला नेलं. चौदा वर्षांनी त्यांना हॅनिबल पुन्हा समोर दिसला.

---

मृण्मयी_बारी

हे माहीत नव्हतं. काटा आला.

फोटो रात्री टाकते. धूळच जास्त आलीय.

---

कोपरारक्षक

धागा वर काढतोय, रागावू नका.

काल मैदानावर पोरांना ही गोष्ट सांगितली. मग म्हटलं करून बघू, आपला कॅप्टन चढाईला, मधल्या दोघांनी फक्त मागे सरायचं, हात लावायचा नाही. पहिल्या वेळी एकजण रेषेबाहेर गेला. दुसऱ्या वेळी दुसऱ्याने धीर सोडून कमरेला मिठी मारली, कॅप्टन त्याला ओढत मध्यरेषेपर्यंत घेऊन गेला. तिसऱ्या वेळी दोघं एकमेकांवर आदळले. पोरं हसायला लागली.

मग चप्पल काढली आणि मी स्वतः मध्ये उभा राहिलो. कॅप्टन पहिल्यांदा जरा बिचकला, मग आत आला. मी एक पाऊल मागे, शेजारचा पोरगा माझ्याकडे बघत एक पाऊल मागे. बोनस रेषेवर त्याचा पाय पडला आणि दोन्ही कोपऱ्यांनी एकदम घोटे धरले.

गुडघा आज सकाळपासून वाकत नाहीये. गरम पाण्याची पिशवी लावून टाइप करतोय.